गोधडी कुणाची?

जुन्या बायका साल सांगत नसत, प्रसंग सांगत. "थोरल्या आत्याचं लग्न कधी झालं?" असं आईला विचारलं की उत्तर यायचं, "गांधींना मारलं ना, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात." धाकटा भाऊ कधीचा? "पानशेत फुटलं त्या पावसाळ्यातला." आजीचं तर सगळं आयुष्यच मानमोडीच्या आधीचं आणि मानमोडीनंतरचं असं दोन भागांत वाटलेलं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पानशेत १२ जुलै १९६१. आमच्या सातारा भागातला सगळ्यांत मोठा खुंटा म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ.

मी शाळेत पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. मुलांकडून सनावळ्या घोटून घेताना घाम फुटायचा. आणि इकडे घरात, कधी शाळेची पायरी न चढलेल्या बायका अख्खी वंशावळ या चार-सहा खुंट्यांना बांधून बिनचूक सांगायच्या.

ही पद्धत कापडावर उतरवली तर कशी दिसेल? एका बाईने ती उतरवली आहे, आणि आज मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. तिचं नाव हॅरिएट पॉवर्स. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाजवळ १८३७ साली गुलाम म्हणून जन्मलेली काळी बाई. तिच्या हातच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत. एक वॉशिंग्टनला स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात आणि दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात. २०२१ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला गोधड्यांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यात या दोन्ही गोधड्या पहिल्यांदाच एकत्र मांडल्या होत्या. आमची भाची ते पाहून आली आणि "मावशी, हे तुझ्यासाठी" म्हणून तिने फोटो पाठवले. मी ते मोठे करकरून किती वेळ बघत बसले होते!

पहिली गोधडी साधारण सव्वादोन मीटर लांब आणि एकोणीसशे मिलिमीटर, म्हणजे दोन मीटरला थोडी कमी, रुंद आहे. तिच्यात अकरा चौकटी. प्रत्येक चौकटीत कापडाचे आकार कापून, खालच्या कापडावर टाचून केलेलं चित्र. याला ॲप्लिक म्हणतात. आपण फाटक्या जागी ठिगळ लावतो तीच ही कृती, फक्त इथे ठिगळ चित्रासाठी लावायचं. माणसं, जनावरं, सूर्य, चांदण्या, सगळं कापडाचं. काही टाके हाताचे, काही मशीनचे. विषय बायबलमधले, म्हणून तिला बायबल क्विल्ट म्हणतात.

१८८६ साली अथेन्सला कापसाची जत्रा भरली होती. तिथे हॅरिएटने ही गोधडी मांडली. गावातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ या बाईंच्या ती नजरेत भरली. त्यांनी हॅरिएटचा पत्ता काढला, घरी गेल्या आणि विकत मागितली. हॅरिएट म्हणाली, विकायची नाही. कितीही दिले तरी नाही.

पुढे काही वर्षांनी दिवस फिरले. हॅरिएट आणि तिच्या नवऱ्याची चार एकर जमीन होती, तीही थोडी थोडी करून विकावी लागली. १८९० च्या आसपास हॅरिएट बैलगाडीतून स्मिथबाईंच्या दारात आली. गोधडी मांडीवर. आधी पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळलेली आणि वरून गोणपाट. तिने दहा डॉलर मागितले. स्मिथबाईंकडे पाचच होते. हॅरिएट नवऱ्याशी बोलून आली आणि पाच डॉलरला गोधडी देऊन गेली. मात्र जाण्याआधी तिने एकेका चौकटीत काय आहे ते बाईंना समजावून सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. पुढेही ती अधूनमधून येऊन आपली गोधडी बघून जात असे. लेक सासरी दिल्यासारखंच की हे!

पण माझं मन जडलं ते दुसऱ्या गोधडीवर. हिच्यात पंधरा चौकटी आहेत. बऱ्याच बायबलच्याच, पण मधूनमधून तिने वेगळंच काही घातलं आहे. एका चौकटीत १७८० सालचा 'काळोखा दिवस'. १९ मे १७८० ला अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदिवसा अंधार पडला होता. लोकांनी दिवे लावले, कोंबड्या खुराड्यात गेल्या. कॅनडातल्या जंगलांना लागलेल्या वणव्यांचा धूर हे त्याचं कारण, असं झाडांच्या खोडांतली वलयं तपासून आता सांगितलं जातं. अगदी मधोमध जी चौकट आहे तिच्यात १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र आहे. त्या रात्री आकाशातून उल्कांचा असा पाऊस पडला की लोकांना वाटलं, जगबुडी आली. आणखी एका चौकटीत १८९५ च्या फेब्रुवारीतली जीवघेणी थंडी आहे. त्यात प्रार्थना करता करता गोठलेली बाई आहे, पिठाचं पोतं घेतलेला माणूस आहे आणि खेचराच्या श्वासाचा झालेला बर्फसुद्धा आहे. आणि एक आहे डुकरीण. जॉर्जियाहून पाचशे मैल पळत व्हर्जिनियाला गेलेली, बेट्स नावाची! ती कुणाची होती, का पळाली, देव जाणे. पण गुलामगिरीत जन्मलेल्या बाईला पाचशे मैल पळालेली डुकरीण गोधडीत घ्यावीशी वाटली, यातच सगळं आलं.

आता गंमत बघा. हॅरिएटचा जन्म १८३७ चा. म्हणजे १८३३ चा उल्कापात तिने पाहिलेला नाही, १७८० चा अंधार तर नाहीच नाही. हे सगळं ऐकलेलं. आईने, आजीने, शेजारणीने सांगितलेलं. अक्षराचा आधार नसताना एका पिढीने दुसरीला दिलेलं, आणि तरी शंभर वर्षांनंतरही रात्र तीच, वर्ष तेच.

थंडीची चौकट मात्र मला जरा निराळ्या कारणासाठी आवडली. त्या गोधडीबरोबर चौकटींची माहिती लिहून ठेवलेली आहे, तिच्यात ही तारीख 'गुरुवार, १० फेब्रुवारी १८९५' अशी दिली आहे. मी सवयीने वार काढून पाहिला, तर त्या दिवशी रविवार येतो. सांगताना किंवा लिहून घेताना वार नाहीतर तारीख हुकली. पण म्हणून थंडी खोटी ठरते का? त्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या दक्षिण भागात खरोखरच गोठवून टाकणारी थंडी पडली होती. वार हुकतो, गारठा लक्षात राहतो. आमच्या आयाबायांची साक्ष तपासताना हे ध्यानात ठेवावं.

ही दुसरी गोधडी अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी मिळवली आणि १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका धर्मविद्यालयाचे प्रमुख रेव्हरंड चार्ल्स कथबर्ट हॉल यांना भेट दिली. हे हॉल पुढे १९०२-०३ मध्ये व्याख्यानं द्यायला हिंदुस्थानात आले होते.

आपला आणि या गोधड्यांचा संबंध मात्र त्याहून जुना आहे, आणि तो कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि जॉर्जियासारख्या राज्यांतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग इंग्रजांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा जुगार पेटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. त्या तेजीतले मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद, त्यांच्याच देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. शाळेत हा धडा शिकवताना मी फळ्यावर बाण काढून दाखवत असे, जॉर्जिया ते मुंबई. त्याच युद्धाच्या शेवटी हॅरिएट पॉवर्स गुलामगिरीतून मोकळी झाली. फळ्यावरच्या त्या बाणाच्या शेपटाशी एक गोधडी शिवणारी बाई उभी आहे, हे फोटो बघताना जाणवलं.

तर सांगायचं म्हणजे, हे सगळं बघून मीही सुई हातात घेतली. नातेवाइकांना ठाऊकच आहे, कारण त्यांच्या कपाटातल्या जुन्या लुगड्यांवर आणि शर्टांवर मी डल्ला मारलेला आहे. सात फूट रुंद, आठ फूट लांब गोधडी. तीन उभ्या, तीन आडव्या अशा नऊ चौकटी आणि भोवती रंगीबेरंगी तुकड्यांची पट्टी. प्रत्येक चौकटीत आमच्या घरातला एक 'खुंटा'. मानमोडी (आजीने सांगितलेली), साताऱ्याचं प्रतिसरकार (आईने पोरवयात पाहिलेलं), पानशेत, कोयना, बहात्तरचा दुष्काळ, १९८० चं सूर्यग्रहण, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१९ चा कृष्णेचा महापूर आणि २०२० ची टाळेबंदी.

ग्रहणाची चौकट म्हणजे आमचा काळोखा दिवस. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार दुपार. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेला, कारवार-हुबळीकडून गेला. आमच्याकडे खंडग्रासच होतं, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोक दारंखिडक्या लावून घरात. त्या चौकटीला काळ्या परकराचं कापड लागलं आणि बंद दारांना जुन्या गणवेशाचं खाकी. दुष्काळाची चौकट मांजरपाटाची, चहात बुडवून मातकट केलेली. तिच्यात खडी फोडणाऱ्या बायका आहेत. बारा बायका कापल्या, प्रत्येकीचं लुगडं वेगळं.

चौकटी करायला दीड वर्ष लागलं. आकार कापताना चारी बाजूंनी बोटाच्या पेराच्या निम्मं कापड जास्त ठेवायचं, ते आत दुमडायचं आणि बारीक हेमिंग घालत जायचं. वळणावर कापडाला छोट्या कातऱ्या द्यायच्या, नाहीतर सुरकुती येते. टोकदार कोपरे सगळ्यांत अवघड. माझ्या कोयनेच्या डोंगरांची टोकं तीनदा उसवली.

आता चाललं आहे ते खरं शिवणकाम, म्हणजे तिन्ही थर एकत्र धरून धावदोरा घालणं. खाली आईचं लुगडं, मध्ये तिचंच आणखी एक, आणि वर या चौकटी. तिन्ही थर जमिनीवर अंथरले, कडांना विटा ठेवून ताणले आणि आधी सगळीकडे लांब लांब कच्चे टाके मारून घेतले. हे नीट केलं नाही तर शिवता शिवता कापड सरकतं आणि मधोमध फुगवटा येतो. जुनं सुती लुगडं शेकडो धुण्यांनी इतकं मऊ झालेलं असतं की सुई आपोआप आत जाते. टेरिलीन, नायलॉनच्या साड्या घरात आल्या तेव्हा गोधडीची रया गेली. ते कापड निसटतं, घाम टिपत नाही आणि ऊबही देत नाही.

दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गाठी पडतात. त्याला मेण लावायचं. मधल्या बोटात धातूची टोपी. डावा हात गोधडीच्या खाली असतो, सुईचं टोक त्या बोटाला जरासं टोचलं की समजायचं, टाका खालपर्यंत पोचला. आईची पद्धत कडेने सुरू करून आत येण्याची, चौकोनात चौकोन. मीही तशीच शिवते. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. पहिला फेरा तीस फुटांचा. तासाला दहा-बारा फूट होतात. रोज सकाळी ऊन खिडकीतून येतं तेव्हा एक-सव्वा तास बसते, त्याहून जास्त मान आणि डोळे बसू देत नाहीत. म्हणजे सुरुवातीला एका फेऱ्याला अडीच-तीन दिवस लागत. पण आत यावं तसा फेरा लहान होतो, हे या पद्धतीतलं सुख. एकूण त्रेपन्न फेरे आहेत, त्यातले एकतीस झाले. धावदोरा चित्रांवरूनही सरळ जातो. चित्र त्याने आणखी घट्ट बसतं.

कडेकडून आत यायची ही रीत आमच्या आईपुरती नाही. गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात, नाहीतर निजामशाहीचा मलिक अंबर. हे सिद्दी त्या दरबारी मंडळींतले नव्हेत. आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून घाटावरच्या रानात निसटलेल्या माणसांचे हे पुष्कळसे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. घरात कोकणी बोलणारेही आहेत.

कवंदीत ॲप्लिक आणि धावदोरा ही दोन कामं वेगळी नसतात. खाली जुनी साडी पसरायची, कोपऱ्यावर एक तुकडा ठेवायचा, कडा बोटाने आत दुमडायची आणि शिवायला लागायचं. एक तुकडा संपत आला की शेजारी दुसरा. असं करत चारी कडांनी फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. ना पट्टी, ना खडू. सगळं झालं की कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून केलेली छोटी त्रिकोणी 'फुलं' लावायची. फुलांवाचून कवंदी उघडीबोडकी, असं त्या मानतात.

अभ्यासकांना हॅरिएटच्या चित्रांत पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या, म्हणजे आजच्या बेनिन देशातल्या, ॲप्लिकची छटा दिसते. कवंदीच्या रंगसंगतीतही त्यांना आफ्रिका दिसते. असेलही. पण चौकोनात चौकोन शिवणारी माझी आई सातारा जिल्ह्यातली कुणबीण होती. जुनी कापडं, सुई, दोरा आणि थंडी एवढ्या चार गोष्टी जिथे असतील तिथल्या बाईला या वाटा आपापल्या सापडू शकतात. आपल्याकडे तर ठिगळांना फार जुना मान आहे. मगधातली बांधबंदिस्तीची भातशेतं दाखवून बुद्धाने आनंदाला भिक्षूंची चीवरं तशी तुकडे जोडून शिवायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांचीच वस्त्रं असत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

आता मुद्द्यावर येते.

गोधडी टिकते, शिवणारीचं नाव टिकत नाही. आमच्या घरात आईची एक गोधडी आहे. मी तिला 'आईची गोधडी' म्हणते. माझी मुलगी 'आजीची गोधडी' म्हणते. नात 'पणजीची गोधडी' म्हणते. नातीच्या मुलीला आईची आजी, तिची आई, एवढं लांबचं नातं कोण सांगत बसणार? ती नुसतं 'घरातली जुनी गोधडी' म्हणेल. चार पिढ्यांत एक बाई पुसली गेली, आणि कुणीही काही वाईट केलेलं नाही. आपण तिला कधी नावाने हाक मारलीच नाही, नात्यानेच मारली. संग्रहालयांत मांडलेल्या जुन्या गोधड्यांखालीसुद्धा बहुतेक वेळा गाव असतं, शतक असतं. बाईचं नाव नसतं.

अपवाद आहेत. बंगालचे गुरुसदय दत्त हे आयसीएस अधिकारी नोकरीनिमित्त खेड्यापाड्यांत हिंडताना कांथा गोळा करीत. त्यांच्या संग्रहातली एक कांथा खुलना भागातल्या मानदासुंदरी नावाच्या बाईची आहे. तिच्यावर साहेब आहेत, शिपाई आहेत. आणि तिने सुईनेच आपलं नाव लिहून ठेवलं आहे, हेही लिहिलं आहे की ही कांथा मी वडिलांसाठी केली. एकोणिसाव्या शतकातली बाई! तिने ते टाचलं नसतं, तर आज 'कांथा, बंगाल' एवढंच उरलं असतं.

हॅरिएटचं नाव उरलं ते जेनी स्मिथ यांनी लिहून ठेवलं म्हणून. पण दुसऱ्याने लिहून ठेवण्यात काय होतं तेही बघा. पुढे कित्येक वर्षं हॅरिएट पॉवर्स म्हणजे एक निरक्षर, भाबडी बाई असंच धरून चालले होते. मग कायरा हिक्स या संशोधक बाईंनी २००९ साली हॅरिएटवर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी १८९६ मधल्या एका पत्राची नक्कल उजेडात आणली. पत्र हॅरिएटचं. त्यात ती आपण वाचायला कसं शिकलो ते सांगते आणि आपल्या गोधड्यांची माहिती देते. म्हणजे तिला अक्षर येत होतं आणि गोधड्याही दोनांहून जास्त होत्या! ती कधी वारली याचाही पत्ता लागला तो २००५ मध्ये अथेन्सच्या स्मशानभूमीत तिचा दगड सापडला तेव्हा. १ जानेवारी १९१०. शंभर वर्षं ती बाई दुसऱ्यांनी सांगितली तेवढीच होती. तिचा स्वतःचा एक कागद सापडला आणि चित्र पालटलं.

माझ्या आईचा असा कागद कधीच सापडणार नाही, कारण तो नाहीच. तिला सही येत नव्हती. सरकारी कागदांवर तिचा अंगठा आहे आणि शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर'. तिला 'अडाणी' म्हणणारे लोक मी लहानपणी आमच्याच ओसरीवर ऐकले आहेत. त्या बाईला कुठलं ठिगळ कुणाच्या कापडाचं आणि कुठल्या सालचं हे शेवटपर्यंत सांगता येत होतं. हा थोरल्या काकांचा फेटा, हा आत्याच्या लग्नातला खण, हे दुष्काळात कामावर जाताना नेसायचं लुगडं. ती २००३ मध्ये गेली. तिच्या गोधडीवर बोट ठेवून हे सांगू शकणारी आता मी एकटी उरले आहे. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. हिशेब साधा आहे.

म्हणून मी दोन गोष्टी करते आहे. एक म्हणजे आईच्या गोधडीचा नकाशा. वहीच्या पानावर चौकोन आखून प्रत्येक ठिगळाला क्रमांक द्यायचा आणि पुढे लिहायचं, कुणाचं, कधीचं. एकशे चौदा ठिगळं आहेत. त्यातली सत्याण्णव मला सांगता आली. उरलेल्यांसाठी मामेबहिणीला फोन चालू आहेत.

दुसरी गोष्ट नव्या गोधडीच्या पाठीवर. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी लावून तिच्यावर आईचं नाव टाचणार आहे. कुठलं नाव, हा प्रश्न होताच. लग्नात तिचं नाव बदललं होतं, तसं तेव्हा सर्रास बदलत. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे तिचा भाऊ, तोही नाही आता. मी दोन्ही नावं घालणार आहे, आधी माहेरचं. मग दोन्ही गावं. जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही. आजी सांगायची की मानमोडीनंतर दहा वर्षांनी झाली, तेव्हा तेच शब्द टाचेन आणि शेजारी १९२८ लिहीन. खाली माझं नाव, सुरू केल्याचं साल, पुरं झाल्याचं साल. नावं इथे मुद्दाम देत नाही. घरच्यांनी गोधडी उलटून वाचावीत.

तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत एखादी गोधडी, वाकळ, निदान एखादं दुपटं असेलच. ते काढा, उन्हात घाला. शिवणारी हयात असेल तर शेजारी बसवून एकेक ठिगळ विचारा आणि ती सांगेल तसं, तिच्या शब्दांत लिहून घ्या. वार चुकला तर चुकू द्या. नसेल, तर तिला ओळखणाऱ्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला फोन करा, आजच करा. मग पाठीमागच्या कोपऱ्यात तिचं नाव टाचा. 'आजी' नको, 'काकू' नको, नाव. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. दोरा तेवढा पक्क्या रंगाचा घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात जाईल.